चूक यंत्राची, उत्तर कोणाचे?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील विशेष नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात वाचली, दहा दगावली. तीन बालके भाजल्याने आणि सात धुराने गुदमरून गेली, असे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्या वेळी सांगितले होते. नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या समितीने चौकशी केली. आगीचे कारण विद्युत बिघाड असल्याचे पुढे आले. जिल्हा शल्यचिकित्सकांना निलंबित करण्यात आले, काहींची बदली झाली, काही कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवा संपुष्टात आल्या. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवण्यात आला.

या दुर्घटनेशी कृत्रिम बुद्धिमत्तेचा काहीही संबंध नव्हता. तरीही या तंत्राच्या कायदेशीर उत्तरदायित्वाचा विचार भंडाऱ्यापासून सुरू करणे योग्य ठरते. अतिदक्षता कक्षातील यंत्र एकाने बनवलेले असते, दुसऱ्याने खरेदी केलेले, तिसऱ्याने बसवलेले, चौथ्याने दुरुस्त केलेले. वीजजोडणी पाचव्याच्या अखत्यारीत, तर अग्निसुरक्षा सहाव्याच्या. दुर्घटना घडते तेव्हा मात्र यांपैकी कोणीही तेथे नसतो. असते ती रात्रपाळीची परिचारिका. साध्या विजेच्या उपकरणाबाबत ही स्थिती असेल, तर स्वतः निष्कर्ष काढणारी संगणक प्रणाली त्याच कक्षात आल्यावर जबाबदारीची ही साखळी आणखी लांबणार, हे उघड आहे. त्या साखळीत कोणत्या कडीवर किती भार, हे आपल्या कायद्यात आज कितपत ठरलेले आहे?

कोणती क्षेत्रे 'अतिमहत्त्वाची'?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७० मध्ये 'अतिमहत्त्वाच्या माहिती पायाभूत सुविधा' ही संकल्पना आहे. जी संगणकीय साधने बंद पडल्यास वा नष्ट झाल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांवर गंभीर परिणाम होईल, ती या व्याख्येत येतात. त्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. वीज, बँका व विमा, दूरसंचार, वाहतूक, शासकीय सेवा ही त्यातील प्रमुख क्षेत्रे.

परंतु या तरतुदींचा रोख बाहेरून होणाऱ्या घुसखोरीवर आहे. संरक्षित म्हणून घोषित झालेल्या प्रणालीत अनधिकृत प्रवेश करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तीच प्रणाली कोणीही न छेडता, आपल्याच गणिताने चुकीचा निर्णय देऊ लागली आणि त्यातून कोणाचा जीव गेला, तर काय, याविषयी हे कलम काही सांगत नाही. चोराचा बंदोबस्त झाला आहे. घरातल्या गळतीचा नाही.

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख. तालुके सात. मात्र अतिमहत्त्वाच्या म्हणता येतील अशा व्यवस्थांची येथे दाटी आहे. सात तालुक्यांचा भार वाहणारे जिल्हा रुग्णालय, वैनगंगेवरील ३३ दरवाजांचे गोसीखुर्द धरण आणि जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना. गेल्या काही वर्षांत या तिन्ही ठिकाणांशी आपत्तींचे नाव जोडले गेले. रुग्णालयाची आग २०२१ मधील. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अतिवृष्टी आणि मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि गोसीखुर्दचे सर्व दरवाजे उघडावे लागले. २४ जानेवारी २०२५ रोजी आयुध निर्माणीतील स्फोटात आठ जण मृत्युमुखी पडले.

यंत्र सांगते, माणूस ऐकतो

वैद्यकीय क्षेत्रात ही प्रणाली भविष्यातील गोष्ट राहिलेली नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयरोगाची शक्यता सांगणाऱ्या संगणकीय वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी मान्यता दिली. देशाच्या क्षयरोग मोहिमेतही हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि हे वाचन वापरात आले आहे. जेथे क्ष-किरणतज्ज्ञ नाही, तेथे याचा लाभ निःसंशय आहे.

दुसरी बाजूही पाहावी लागते. रक्तातील जंतुसंसर्गाचा, म्हणजे सेप्सिसचा, आगाऊ इशारा देणारी एक प्रणाली अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत बसवण्यात आली होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आपल्या रुग्णालयातील नोंदी तपासल्या. प्रणालीला सुमारे दोन तृतीयांश रुग्णांतील सेप्सिस ओळखताच आला नव्हता. उलट, दाखल झालेल्या सर्व रुग्णांपैकी १८ टक्के रुग्णांबाबत तिने इशारे दिले होते.

अशी प्रणाली एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आहे, असे क्षणभर समजू. पडदा 'धोका नाही' म्हणतो, परिचारिका विश्वास ठेवते आणि बालक दगावते. विचारणा होते, 'डोळ्यांनी का पाहिले नाही?' दुसऱ्या रात्री पडदा दहा वेळा 'धोका' म्हणतो. नऊ वेळा काही निघत नाही, दहाव्या वेळी ती दुसऱ्या बालकाजवळ असते. विचारणा होते, 'इशारा का पाळला नाही?' दोन्ही वेळा दोष तिच्याकडेच येतो. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या करारात तर 'ही केवळ सल्ला देणारी सोय आहे, अंतिम निर्णय वापरणाऱ्याचा' असे वाक्य घालण्याची रीतच आहे.

अमेरिकी संशोधक मॅडलिन क्लेअर एलिश यांनी या प्रकाराला एक समर्पक उपमा दिली आहे. मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपला जाऊन आतल्या प्रवाशाला वाचवतो. स्वयंचलित व्यवस्थांमध्ये मात्र चेपला जातो तो माणूस, आणि वाचते ती व्यवस्था. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीच्या चाचणीत रस्ता ओलांडणारी एक महिला ठार झाली. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असा निष्कर्ष सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये काढला. मोटारीत देखरेखीसाठी बसलेल्या चालक महिलेवर मात्र खटला चालला आणि २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. आपल्याकडेही हे चित्र अनोळखी नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. या व्यक्ती दोषी की निर्दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम. प्रश्न एवढाच, की साखळीच्या वरच्या कड्यांपर्यंत तपास पोचावा अशी रचना कायद्यात आहे का?

आजचा कायदा कुठवर पोचतो?

फौजदारी कायद्यापासून पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. या सवलतीची व्याख्या राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांपुरती असल्याने परिचारिका तिच्याबाहेर राहते. म्हणजे एकाच कक्षात, एकाच यंत्रावर विसंबून झालेल्या एकाच चुकीसाठी सर्वांत कमी अधिकार असलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर अधिक कठोर शिक्षा टांगलेली असते. संगणक प्रणालीला तर निष्काळजी म्हणताच येत नाही. ती बनवणाऱ्यांपैकी नेमका कोण निष्काळजी होता, हे दाखवण्यासाठी प्रणालीच्या आत शिरावे लागते आणि आतली माहिती कंपनीच्या ताब्यात असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष उत्पादनाबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांना जबाबदार धरण्याची स्वागतार्ह तरतूद केली. येथे दोन अडचणी आहेत. 'उत्पादन' याची व्याख्या वायू, द्रव किंवा घन स्वरूपातील वस्तू अशी आहे. संगणक प्रणाली या तिन्हींपैकी कशात बसवायची, हा वादाचा मुद्दा. दुसरी अडचण अधिक बोचणारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार, जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तेथील रुग्ण ग्राहक ठरत नाही. खासगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्यास ग्राहक मंचाचे दार उघडे आहे. सरकारी रुग्णालयातील मोफत कक्षात बालक दाखल करणाऱ्या मजूर आईला ते बंद असू शकते.

वैद्यकीय उपकरणांबाबत स्थिती थोडी बरी आहे. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ आणि फेब्रुवारी २०२० ची अधिसूचना यांमुळे रोगनिदानासाठी वापरली जाणारी संगणक प्रणालीही उपकरणाच्या व्याख्येत आली. त्यामुळे परवाना आणि दर्जाची तपासणी यांची चौकट लागू होते. पण परवाना बाजारात येण्यापूर्वीचा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत उत्तरदायित्व आणि मानवी देखरेख आहे, मात्र कायद्याचे बळ नाही.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड सरकारच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले, त्याच्या हाती पडत नाही. शिवाय हा कायदा माहितीच्या संरक्षणाचा आहे, चुकलेल्या निर्णयाचा नाही.

गुंतवणूकदाराला जे मिळाले

सर्वच क्षेत्रांत पोकळी आहे, असे मात्र नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था 'सेबी'ने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नियमांत दुरुस्ती केली. सेबीच्या नियंत्रणाखालील कोणतीही संस्था कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरत असेल, तर त्या साधनाने दिलेल्या निष्कर्षांची संपूर्ण जबाबदारी तिचीच. साधन स्वतः बनवले की बाहेरून विकत घेतले, वापर लहान की मोठा, याने फरक पडत नाही. कंपनीकडे बोट दाखवण्याची पळवाट एका वाक्यात बंद झाली. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या समितीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये सविस्तर चौकट सुचवली.

शेअर बाजारातील पैशाला जे संरक्षण मिळाले, ते रुग्णालयातील बालकाला, धरणाखालच्या गावाला किंवा कारखान्यातील कामगाराला अद्याप त्याच स्पष्टतेने मिळालेले नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यातील सात सूत्रांत उत्तरदायित्व हेही एक आहे. परंतु तूर्त स्वतंत्र कायदा न करता आहे त्या कायद्यांवर भिस्त ठेवण्याचा त्यांचा कल आहे. नवे तंत्र उमलण्यापूर्वीच जखडले जाऊ नये, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. मात्र आहे ते कायदे कुठे तोकडे पडतात, हे वर आपण पाहिलेच.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या त्यांच्या कायद्याने प्रणालींची जोखमीनुसार वर्गवारी केली. पाणीपुरवठा, वीज, रस्ते वाहतूक यांच्या सुरक्षेत वापरल्या जाणाऱ्या प्रणाली 'उच्च जोखमी'च्या ठरवल्या. त्यांच्यासाठी स्वयंचलित नोंदी, मानवी देखरेख आणि धोक्याचे व्यवस्थापन ही बंधने टप्प्याटप्प्याने आणायची आहेत. सोबतच उत्पादन-दायित्वाच्या नव्या निर्देशाने संगणक प्रणालीला स्पष्टपणे 'उत्पादन' म्हटले आणि कंपनीने आवश्यक पुरावा दडवल्यास दोष गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला दिली. सदस्य देशांनी डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपल्या कायद्यात आणायचा आहे.

न्यायालयांनी घातलेला पाया

भारतीय कायद्याकडे मात्र स्वतःची अशी एक मोलाची देणगी आहे. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये 'संपूर्ण दायित्वा'चे तत्त्व मांडले. जो उपक्रम स्वभावतःच धोकादायक काम करतो, त्याने कितीही काळजी घेतली असली तरी त्यातून झालेल्या हानीची भरपाई त्यानेच द्यायची. दोष सिद्ध करण्याचा भार पीडितावर नाही. भोपाळच्या पार्श्वभूमीवर आलेल्या या विचाराला पुढे १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने, घातक पदार्थांपुरते का होईना, विम्याचे पाठबळ दिले. जीवनमरणाच्या निर्णयात वापरली जाणारी, आणि ज्याच्या आतले गणित बाहेरच्याला उलगडत नाही अशी प्रणाली, हाही धोकादायक उपक्रमच का मानू नये, हा प्रश्न आज ना उद्या न्यायालयासमोर येईल.

शासनाबाबतही वाट मोकळी आहे. निलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूलभूत हक्काचा भंग झाल्यास शासनाला सार्वभौमत्वाच्या ढालीआड लपता येणार नाही. भरपाई द्यावी लागेल. हा फरक भंडाऱ्यासारख्या घटनेत महत्त्वाचा ठरतो. तेथील पालकांना राज्याने प्रत्येकी पाच लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले. ती सानुग्रह मदत होती. अनुग्रह सरकार करते. भरपाई हा नागरिकाचा हक्क असतो.

संगणकाच्या निर्णयावर न्यायालयाने बोट ठेवल्याचे उदाहरण शेजारच्या तेलंगणात आहे. तेथे संगणकीय निकषांच्या आधारे, घरोघरी चौकशी न करता रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष फेरपडताळणी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. यंत्राने काढलेली यादी अंतिम नाही, माणसाने दारापर्यंत जाऊन पाहिले पाहिजे, हा त्याचा सरळ अर्थ. आदेश येईपर्यंत काही वर्षे लोटली होती, हेही विसरता येत नाही.

आधी काय लिहून ठेवावे?

उत्तरदायित्व दुर्घटनेनंतर शोधायची वस्तू नव्हे. प्रणाली बसवण्यापूर्वी ते कागदावर आलेले असले पाहिजे. त्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरही बरेच करता येते.

पहिली जागा खरेदी कराराची. राज्यात वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण आहे. 'केवळ सल्ला' म्हणून हात झटकणारे कलम सरकारी करारात स्वीकारायचे नाही, एवढे ठरवले तरी साखळीची वरची कडी बांधली जाईल.

दुसरी गोष्ट नोंदींची. प्रणालीने कोणत्या क्षणी काय सांगितले आणि माणसाने त्यावर काय केले, याची नोंद कंपनीच्या नव्हे तर शासनाच्या ताब्यात हवी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंदी पुराव्यात येण्यासाठी प्रमाणपत्र लागते. ते कोण देणार, हेही आधीच ठरलेले हवे. अशी नोंद प्रामाणिक परिचारिकेचा सर्वांत मोठा बचाव ठरेल.

तिसरी, नाव आणि अधिकार. प्रत्येक प्रणालीमागे एक जबाबदार अधिकारी हवा आणि ती बंद करण्याचा अधिकारही त्याच्याकडे हवा. धरणाचे उदाहरण घ्या. पूर किती येईल हे उद्या संगणकाने वर्तवले आणि दरवाजे उघडण्यास उशीर झाला, तर उत्तर अंदाज देणाऱ्याने द्यायचे, अभियंत्याने की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी? वैनगंगेचे पाणी राज्याची सीमा ओलांडून येते. अंदाज एका राज्यात आणि दरवाजे दुसऱ्या राज्यात, अशा वेळी हे उत्तर आधीच लिहिलेले नसेल, तर ते नंतर कधीच मिळत नाही.

चौथी, नियमित तपासणी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. जबाबदार कोण आणि तारीख कोणती, दोन्ही ठरलेले. अतिमहत्त्वाच्या क्षेत्रांतील प्रणालींसाठीही अशी सहामाही तपासणी घालून देता येईल. कारण नव्या माहितीवर नव्याने घडवल्या जाणाऱ्या प्रणालीचे वागणे परवाना मिळाला त्या दिवसासारखेच राहील, याची हमी नसते.

येथेच भंडाऱ्याचा दुसरा धडा समोर येतो. २००६ चा हा कायदा जानेवारी २०२१ मध्ये अस्तित्वात होताच. कागदावरचे उत्तरदायित्व तपासणारा कोणी नसेल, तर उत्तम कायद्याचाही केवळ कागद उरतो. म्हणून तपासणीचे अहवाल जनतेसाठी खुले असणे, ही पाचवी आणि बहुधा सर्वांत परिणामकारक अट ठरावी. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात कोणती प्रणाली आहे, ती कोणी पुरवली, शेवटची तपासणी कधी झाली आणि तिच्यासाठी उत्तर देणारा अधिकारी कोण, ही चार उत्तरे रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावता येतील. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची आवश्यकता नाही. ती उत्तरे तेथे नसतील, तर यंत्र कितीही हुशार असो, पुढच्या दुर्घटनेच्या रात्रीही कायद्याला सापडेल ती कामावर हजर असलेली व्यक्तीच.